उदाहरणापुरतं नाव

“जोहार मॅडम. रिना चालू झाली,” विनोद फोनवर म्हणाला, आणि संघप्रियानं हातातला चहाचा कप टेबलाच्या अगदी काठावर ठेवला. कप पडला नाही. त्याचं अर्धं बूड हवेत राहिलं आणि ती त्या अर्ध्या बुडाकडे बघत राहिली. एटापल्लीच्या तपासणी केंद्रात कॉम्प्युटर सांभाळणारा हा माणूस तिनं कधी पाहिलेला नव्हता. तो आनंदात होता. लाइट गेली होती म्हणाला, पण आज पहिल्याच हाकेला रिना उठली. नर्सबायांनी नोंदी टाकायला सुरुवात केली. तुमच्या कागदात जसं लिवलं होतं तसंच केलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाई केलं. संघप्रिया “बरं” म्हणाली. आपला आवाज तिला दुकानाच्या गल्ल्यावरून आल्यासारखा वाटला, सुटे घ्या म्हणतात तसा. मग तिनं फोन ठेवला, कप सरकवून नीट टेबलावर घेतला आणि खिडकीबाहेर बघितलं. चंद्रपुरात सकाळ झाली होती. कठड्यावर कोळशाची बारीक काळी भुकटी बसली होती. समोरच्या घरातली बाई ती ओल्या फडक्यानं पुसत होती. उद्या पुन्हा पुसावी लागेल हे तिला माहीत असावं, कारण ती घाईत नव्हती.

काय झालं हे कळायला संघप्रियाला फाइल उघडावी लागली नाही. तिची संस्था चंद्रपूर आणि शेजारच्या जंगलाच्या जिल्ह्यातल्या सिकलसेल तपासणीच्या नोंदी ठेवायची. जंगलातल्या तालुक्यांना नेटचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक लहानसा सर्व्हर ठेवायचं ठरलं होतं. हा सर्व्हर कसा वागणार हे एका साध्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, गप्प बसून राहिलेल्याला किती वेळानं बाहेर काढायचं, आणि नोंदी ज्यात राहणार त्या डेटाबेसला काय नाव द्यायचं. जुन्या फाइलमध्ये या ओळींवर इंग्रजीत टिपा होत्या. ‘गरज पडल्यास बदला.’ ‘याला हात लावू नका.’ कुणाची गरज, हात का लावायचा नाही, ते कुणी लिहिलं नव्हतं. संघप्रिया सुट्टी संपवून कामावर परतली तेव्हा तिचा साहेब प्रफुल तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला होता की एवढं मराठीत, माणसाला कळेल असं करून दे. हलकं काम आहे, घरी बसूनही होईल. हलकं हा शब्द त्यानं फार जपून उच्चारला होता.

आणि तिनं ते केलं होतं. इतकं नीट तिनं आयुष्यात काही केलं नसेल. ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह घातलं की ती ओळ सर्व्हर वाचत नाही. ती फक्त माणसांसाठी असते. अशा ओळी लिहिण्यात तिचे दिवस गेले. ही सेटिंग काय आहे. बदलली तर लगेच लागू होते, की सर्व्हर बंद करून पुन्हा उठवावा लागतो. आणि काहीच लिहिलं नाही तर काय होतं. हे तिसरं वाक्य ती प्रत्येक ठिकाणी न चुकता लिहायची. काहीच लिहिलं नाही तर सर्व्हर आपल्या मनानं चालतो, आधीच ठरलेल्या मापानं, आणि बंद पडत नाही. घरही तसंच चाललं होतं. भात लागत होता, दूध येत होतं, तिचा नवरा राजदीप गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याच्या बसमध्ये बसून जात होता आणि बुटांवर पांढरी धूळ घेऊन परत येत होता. कुणी काही सांगितलं नव्हतं, काही लिहिलं नव्हतं, तरी चाललं होतं. आणि या सगळ्यात कुठेतरी, डेटाबेसच्या नावाच्या ओळीशी, उदाहरण म्हणून एक नाव हवं होतं. दुसरे लोक अशा जागी एबीसी लिहितात. संघप्रिया मुलगी झाल्यापासून अशा प्रत्येक जागी एकच नाव लिहीत आली होती. या वेळीही बोटांनी तेच लिहिलं. बातमी बोटांपर्यंत पोचली नव्हती.

विनोदनं उदाहरण जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. कुणीही तेच करतं. उदाहरण दिलं की वरचं स्पष्टीकरण कुणी वाचत नाही, हे तिनंच प्रफुलला कधीतरी हसत सांगितलं होतं. तेव्हा ती हसायची.

रिना पावसाळा सरता सरता गेली. ताप होता आणि हाडांत दुखत होतं. ती दुखणं दाखवायला बोट ठेवायची आणि ते बोट एका जागी थांबायचं नाही. सिकलसेलच्या तपासणीत आईबाप दोघांचीही कार्डं सारखी, वाहकाची, निघाली होती, पण ती निघाली रिना झाल्यानंतर. भन्तेजी आले, पांढऱ्या वस्त्रावर फुलं ठेवली गेली, वंदना झाली. गोंडपिपरीहून संघप्रियाची आई अंजनाबाई आली. तिनं स्वयंपाकघरातली खालच्या फळीवरची छोटी ताटली वरच्या फळीवर ठेवली. त्या दिवसापासून घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. राजदीप ‘तिचा डबा’ म्हणायचा, ‘तेव्हा’ म्हणायचा. शेजारच्या बाया ‘लेकरू’ म्हणायच्या. नाव घरात होतंच, फक्त त्याच्यावरून सगळे चालत होते, पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालावं तसे, कडेकडेनं.

आणि आता रोज सकाळी एटापल्लीहून कुणीतरी ते नाव घेत होतं. रिना आज जड चालून राह्यली. रिना दुपारची झोपते मॅडम, हाक मारली का उठते. करिश्मा नावाची एक नर्स होती, जंगलातल्या उपकेंद्रावर; तिला नेटसाठी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून बसावं लागायचं, आणि खाली कुणी पेशंट आला की ती फोन तिथंच ठेवून उतरायची. परत वर जाईपर्यंत सर्व्हरनं तिला गप्प बसलेली समजून बाहेर काढलेलं असायचं. “ताई, तुमच्या रिनानं मले आज बी हाकलून देल्लं,” ती म्हणायची. तुमच्या म्हणजे संस्थेच्या. “आमी काही तिच्या दुश्मन नाई, एवढं सांगा तिले.” संघप्रिया शांतपणे सांगायची की मुदत वाढवून देते, फाइलमधली अमुक ओळ बदलायला सांगते विनोदभाऊंना. स्वतः मात्र ती नाव घ्यायची नाही. ‘तो डेटाबेस’ म्हणायची. पुरुषासारखा, परक्यासारखा.

तिला काही वाटत नव्हतं. हेच ती स्वतःशी तपासून बघायची, दात काढल्यावर हिरडीला जीभ लावून बघतात तसं. भूल होती तशीच होती. फक्त एक सवय लागली. सकाळी कामाला बसली की ती पहिल्यांदा एटापल्लीच्या सर्व्हरमध्ये शिरायची. तिथं एक काळी चौकट उघडते, आणि त्या चौकटीत डेटाबेस प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आपलं नाव स्वतःच लिहितो आणि थांबतो. लहान अक्षरांत रिना, आणि पुढे लुकलुकणारी एक रेघ. काहीतरी विचारा म्हणून वाट बघणारी. संघप्रिया काही विचारायची नाही. ती चौकट उघडी ठेवून तिच्यावर दुसरी कामं पसरायची, आणि अधूनमधून ती कामं बाजूला सरकवून बघायची. नाव असायचं. रेघ लुकलुकत असायची. गप्प बसलेल्याला बाहेर काढायचा नियम देखरेख करणाऱ्याला लागू नव्हता. तेही तिनंच नीट समजावून लिहिलं होतं.

एका दुपारी प्रफुल तिच्या टेबलाशी आला आणि बराच वेळ तिच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत बोलला. सगळ्या तालुक्यांच्या नोंदी महिनाअखेरीला एकत्र करायच्या आहेत. नावं नियमाप्रमाणे असतील तरच त्या जुळतील. एटापल्लीचं नाव वेगळं पडलंय. त्यावरूनच गोळ्यांचा साठा जातो. नोंदी जुळल्या नाहीत तर तिकडच्या पोरांच्या गोळ्या महिनाभर अडकतील. “मला आजच दिसलं गं,” तो म्हणाला. “तू नको करूस. मी बोलतो विनोदशी.” संघप्रिया म्हणाली, कागद माझा आहे, पायऱ्या मीच लिहीन. तिला जाणवलं की ती रागावलेली नाही. पोरांच्या गोळ्या हे शब्द मात्र कुठेतरी जाऊन बसले. रिनाची गोळी पाण्यात विरघळवावी लागायची, आणि ती म्हणायची की चमच्यातलं मी पिते, वाटीतलं तू पी, म्हणजे लवकर संपेल.

त्या रविवारी ती गोंडपिपरीला गेली. धानाची कापणी होऊन शेतातल्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या, नुसती खुंटं उभी होती. अंजनाबाई आपल्या वेळची रोवण्यातली गाणारी बाई. रोवण्यात बाया चिखलात एका रांगेत वाकतात आणि मागं सरकत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत जातात. गाण्याची पहिली ओळ एकटी बाई म्हणते आणि दुसरी सगळी रांग. मागच्या आषाढात आजीसोबत गेलेली रिना बांधावर बसली होती, डोक्यावर पळसाच्या पानांची टोपी घालून. अंजनाबाईनं म्हटलं:

बांधीच्या पान्यात बाई, आभाळ उतरलं

आणि तिला खोकल्याची उबळ आली. रांग थांबली, कारण वेळेत कुणी पुढचं उचललं नाही. हातात पऱ्हे घेऊन सगळ्या वाकलेल्याच राहिल्या. तेवढ्यात बांधावरून बारीक आवाज आला:

पऱ्हे लावता लावता, घर मी इसरलं

बाया हसल्या आणि हात पुन्हा चालू लागले. रविवारी अंगणात ऊन खात बसल्यावर संघप्रियाला वाटलं, आईला विचारावं, तुला आठवतं का ते. अंजनाबाई सुपातले खडे वेचत होती. तिनं नजर वर न करता विचारलं की बांधावरच्या तुरीच्या शेंगा नेशील का, राजदीपले आवडतात. संघप्रिया हो म्हणाली. दोघी त्याच बांधावरून चालत रस्त्याला लागल्या, कडेकडेनं.

नाव बदलायचं म्हटल्यावर विनोदनं आधी काऊन म्हणून विचारलं होतं. चांगलं तर हाये नाव, बायाईच्या तोंडात बसलं. ती म्हणाली होती, नियम आहे. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा तो जोहार म्हणायचा विसरला. प्रफुलनं त्याला सांगितलं असावं. फोनमधून पंख्याचा आवाज येत होता, आणि मागं कुठेतरी कोंबडा. मग तो म्हणाला, “मॅडम, मले मालूम नोतं.”

“कसं माहीत असणार,” ती म्हणाली.

तो थांबून बोलत राहिला. त्यांच्या घरी गेलेल्या माणसाचं नाव रिकामं ठेवत नाहीत. लेकरू जन्मलं की म्हाताऱ्या बाया त्याला छातीशी लावून घरातली गेलेली एकेक नावं घेतात. ज्या नावाला ते दूध ओढतं, ते नाव त्याचं. शाळेत मास्तरनं त्याला विनोद केलं, पण घरी तो झाडू. झाडू हे त्याच्या आज्याचं नाव. “माही माय मले अजूनबी आज्यासारखी वागवते,” तो म्हणाला. “रागावते अन् मंग म्हणते, बुढ्यावर काऊन रागावू.” तो थोडा हसला. “म्हून म्हणतो. इथी त्या नावानं काही वाईट नाई झालं मॅडम. काम करून राह्यली होती ती.”

संघप्रियाच्या घरात असं काही मानत नसत. तिचे आजोबा बापूराव छप्पन साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, पायी जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातलं सगळं टोपलीत भरून नदीत सोडलं. न मानणं ही त्या घराची कमाई होती, आणि ती कमाई संघप्रियाला प्रिय होती. गेलेलं परत येत नाही. हे तिला लहानपणापासून स्वच्छ माहीत होतं. तरी फोन ठेवल्यावर बराच वेळ तिला ते दिसत राहिलं: अंधारी खोली, म्हातारीच्या ओठांवर एकामागून एक नावं, आणि एका नावाशी थांबलेलं, घट्ट धरून राहिलेलं लहानसं तोंड. मग तिनं चौकट वर आणली. नाव होतं. रेघ लुकलुकत होती.

पायऱ्या तिनं त्याच संथ, नीट भाषेत लिहिल्या. नाव बदलण्याआधी सर्वांना काम थांबवून बाहेर यायला सांगावे. आत एक जरी माणूस असला तरी नाव बदलत नाही. जो बाहेर येत नाही त्याला काढण्याची आज्ञा खाली दिली आहे. आणि शेवटी: ज्या डेटाबेसमध्ये आपण स्वतः आहोत, त्याचे नाव आत राहून बदलता येत नाही. आधी बाहेर यावे, आणि बाहेरून बदलावे. तिनं वाक्य वाचलं, एक स्वल्पविराम काढला, आणि कागद पाठवून दिला.

जेवणाच्या वेळी काम बंद असतं म्हणून दुपार ठरली. राजदीप कारखान्यात होता, घरात ती एकटी. विनोद फोनवर एकेक पायरी वाचत होता आणि तिचं लिहिलेलं तिलाच त्याच्या तोंडून ऐकू येत होतं. त्याच्या तोंडी ते जास्त बरं वाटत होतं. करिश्मा टाकीवरून उतरली. दुसऱ्या केंद्रांवरच्या बाया बाहेर पडल्या. मग त्यानं आज्ञा दिली, आणि थांबला.

“नाई होऊन राह्यलं मॅडम. कोनीतरी आत हाये.”

ती म्हणाली, बघा कोण आहे, यादीत दिसेल. कळफलकाचा आवाज आला. मग तोही थांबला. विनोद म्हणाला, “चंद्रपूरचं हाये. सकाळपासून आत हाये.”

संघप्रियानं वरची कामं बाजूला सरकवली. खाली चौकट होती. ती त्या नावाकडे बघत होती आणि तिला कळलं की तिच्या पायांना मुंग्या आल्यात, कधीपासून आल्यात कुणास ठाऊक.

“काढता येते मले,” विनोद हळू म्हणाला. “तुमच्या कागदातच लिवलं हाये कसं काढाचं ते. पन मी नाई काढत. तुमी जेवून घ्या. मी बसलो हावो इथी.”

ती जेवली नाही. चौकटीसमोर बसून राहिली. रेघ दिसायची, नाहीशी व्हायची, दिसायची. सहा वर्षं या रेघेच्या अलीकडे जे जे लिहिलं, त्यात हे नाव होतं. पलीकडे नेहमी काहीतरी विचारलं होतं तिनं, किती नोंदी, कोणत्या तारखेच्या. आज विचारण्यासारखं काही नव्हतं. बाहेर पडायला एक छोटा शब्द लिहावा लागतो. तिनं तो लिहिला. बोटं अडखळली नाहीत. चौकट मिटली, आणि तिच्यामागं जे होतं ते दिसलं, म्हणजे काहीच नाही, निळा रिकामा पडदा. फोनमधून विनोदचा आवाज आला, झालं मॅडम. ती बरं म्हणाली. दोघांनीही फोन लगेच ठेवला नाही.

मग तिनं मूळ कागद उघडला. नावाच्या ओळीवरची टीप पुन्हा लिहिली. येथे दिलेले नाव फक्त उदाहरणासाठी आहे, ते कोणाचेही नाही. त्या जागी आपल्या तालुक्याचे नाव घालावे. कोणाचेही नाही, इथं ती थांबली. वाक्य बरोबर होतं, कारण आता त्या जागी नुसतं ‘तालुका’ होतं. तिनं फाइल जतन केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजदीप दाराशी बूट घालत होता. कंपनीची बस चौकात यायची वेळ झाली होती. संघप्रियाचा फोन वाजला. करिश्मा होती, आवाजामागं वारा होता, म्हणजे टाकीच्या जिन्यावर. “ताई, रिना उघडून नाई राह्यली. मी कालपासून दहादा हाक मारली. कुठी गेली ती?”

संघप्रिया म्हणाली, नाव बदललंय. नवीन नाव सांगते, लिहून घ्या.

“हात्तिच्या. काऊन बदललं? चांगलं होतं ना नाव. आमच्या इथल्या पोरीसारखं वाटे.”

नियम आहे, हे वाक्य तयार होतं. ते कुणी काही लिहिलं नाही तरी आपोआप लागणाऱ्या मापासारखं जिभेवर आलंही होतं. संघप्रियानं तोंड उघडलं आणि म्हणाली, “रिना माझी मुलगी होती. पावसाळ्यात गेली. नाव तिचं होतं.”

दाराशी राजदीपचा एक हात बुटाच्या नाडीवर थांबला. चौकात बसचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला, आणि मग बस निघून गेल्याचा आवाज आला.

“केवढी होती, ताई?” करिश्मानं विचारलं. ती नर्स होती. कशानं गेली हे तिनं विचारलं नाही.

“सहा वर्षांची. गाणी म्हणायची.”

“कोनती?”

संघप्रियाला शब्द कुठून उचलायचा तेच सापडेना. राजदीपनं पायातला बूट काढला. तो आत आला, बुटात साचलेल्या पांढऱ्या धुळीचं पाऊल फरशीवर उमटलं, आणि तो तिच्या खुर्चीशी खाली बसला. कुणाकडेही न बघता, बसक्या आवाजात, सूर न धरता त्यानं म्हटलं, “बांधीच्या पान्यात बाई, आभाळ उतरलं.”

तो थांबला. पलीकडे करिश्मा थांबली होती, टाकीच्या जिन्यावर, फोन कानाला लावून. पुढची ओळ आता संघप्रियाची होती.